इंद्रकुमार सरांसाठी भरलेली टोपली

इंद्रकुमार सर सडक अर्जुनीच्या संघाकडे चालले ही बातमी सौंदडात मी पसरवली, असं आमच्या शेजारच्या निर्मलाबाई अजून सांगत फिरतात. ते खरं नाही. बातमी त्यांनीच आणली. मी तिला फक्त चालायला शिकवलं.

इंद्रकुमार सर म्हणजे आमच्या गावच्या मुलींच्या बेसबॉल संघाचे कोच. राहणार गोंदियाचे, बोलणं निम्मं हिंदी, निम्मं मराठी. सौंदडसारख्या धानाच्या गावात बेसबॉल आहे याचं बाहेरच्या माणसाला आश्चर्य वाटतं. मला तर अजूनही वाटतं. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा पदर ढळेल म्हणून बायका मान वळवून आभाळाकडे बघत नसत. आज त्याच गावात, धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत, माझी नात हर्षिता एक पाय छातीपर्यंत उचलून असा चेंडू फेकते की समोरच्या मुलीची बॅट नुसती हवेत फिरून येते. पहिल्यांदा ते पाहिलं त्या दिवशी मी बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या मातीच्या बांधावर, सावलीत बसले होते. सावली सरकून गेली, ऊन डोक्यावर आलं, तरी मला उठायचं भान राहिलं नाही.

खेळ समजायला वेळ लागला. सरांनी धुऱ्यावर काडीने चौकोन काढून दाखवला. घरून निघायचं, तीन ठिकाणी जीव मुठीत धरून थांबायचं आणि परत घरी यायचं. परत आली की एक धाव.

"म्हणजे घरी परत आली म्हणून गुण?" मी विचारलं.

"हाँ दादी. बस, एवढंच."

एवढंच! आमच्या वेळी घराबाहेर पडलेली मुलगी परत आली की आधी बोलणी खायची आणि मग जेवण. इथे मुलगी धुळीत लोळण घेत घरी येते आणि अख्खं गाव उभं राहून टाळ्या वाजवतं. शिवाय या खेळात बेस, म्हणजे थांबायचं पुढचं ठिकाण, चोरता येतो, तोही सगळ्यांच्या देखत, आणि चोरणारीचं कौतुक होतं. एवढा उदार खेळ मी दुसरा पाहिला नाही.

आमचा मोसम धानावर चालतो. धान निघालं की बांध्या मोकळ्या, खेळ सुरू. अक्षय तृतीया जवळ आली की बांध्या शेतीकडे परत, खेळ बंद. खेळ बंद झाला की बोलणं सुरू होतं आणि खरं सांगायचं तर आम्हां म्हाताऱ्यांचा मोसम तोच. सौंदडच्या स्टेशनवर गाड्या कमी आणि बाक चांगला. संध्याकाळी तिथे मी, आमचे हे आणि निर्मलाबाई बसतो. कोण राहणार, कोण जाणार, कोणाला ठेवावं, कोणाला काढावं, हे सगळं तिथे ठरतं. आमच्यापैकी कोणाकडेही कसलंच पद नाही. त्यामुळे निर्णय लवकर होतात.

त्या संध्याकाळी निर्मलाबाई बसायच्या आधीच बोलल्या.

"सर चालले म्हन्ते सडक अर्जुनीले."

"कोन म्हन्ते?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"कोनी कायले म्हनाव? माह्या भाच्यानं पाह्यलं. ढाब्यावर जेवून राहिले होते. त्या डिंपलबाईच्या. अन् ती सोता वाढून राहिली होती!"

डिंपलबाई म्हणजे सडक अर्जुनीच्या मुलींच्या संघाची मॅनेजर. हमरस्त्यावर तिचा ढाबा, शिवाय स्वतःचे ट्रक. अशी बाई स्वतः उठून वाढते म्हणजे काय, हे स्टेशनच्या बाकावर कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पण आमचे हे पहिल्यापासून पुराव्याचे शत्रू.

"भूक लागली असन, जेवला असन. त्यात का?"

"केवळरामभाऊ, तुमाले कोनी सोता उठून वाढते का?" निर्मलाबाईंनी विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सिग्नलकडे पाहिलं.

मग बोलणं पुढे गेलं. सर गेले तर संघात बाकी काय राहतं? मॅनेजर योगराज. योगराज हा आमच्या गावचा मंडपवाला. मुलींना जीपमध्ये बसवणं, डबे, पाणी, पट्ट्या-मलम, सगळं त्याच्याकडे. मनाने सोन्यासारखा, पण मागच्या स्पर्धेत त्याने खेळाच्या सामानाची पिशवी समजून मंडपाच्या खुंट्यांची पिशवी नेली होती. पहिला डाव होईपर्यंत मुली समोरच्या संघाचे हातमोजे मागून खेळल्या. त्या आठवणीने मी एकच वाक्य बोलले. "सरांना राहायला सांगायचं असेल तर आधी योगराज बदलावा लागेल." निर्मलाबाईंनी त्यात आपलं एक जोडलं. "अन् चैनलालजी बांधी वापस मांगतीन, पाहजा."

चैनलालजी म्हणजे संघाचे अध्यक्ष. त्यांची राइस मिल आहे आणि ज्या बांधीत मुली खेळतात ती त्यांची.

एवढंच आम्ही बोललो. शपथेवर सांगते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरी झाडत होते तर योगराज सामानाची पिशवी खांद्यावर घेऊन हजर. या वेळी पिशवी बरोबर होती. त्याने ती पायरीवर ठेवली आणि हात जोडले.

"काकी, सांभाळा. मले काहाडलं म्हन्ते तुमी."

"अरे, मी कोण तुला काढणार?"

"टेसनवर ठरलं म्हन्ते."

"तिथे आम्ही नुसतं बोलत होतो रे."

"हो ना. नुसतं बोलल्यावर असं होते, तं ठरवल्यावर का होईन?" असं म्हणून तो गेला. चहाला थांबला नाही. आमच्या दारातून चहा न घेता कोणी गेलं, असं माझ्या आठवणीत पहिल्यांदाच घडलं.

चैनलालजींचं त्याहून वाईट. बांधी परत मागायचा विचार त्यांच्या स्वप्नातही नव्हता. पण गावभर तो ऐकल्यावर त्यांना तो पटला. त्यांनी निरोप धाडला, "मी बांधी मांगनार असं गाव म्हन्ते, तं मांगून पाहावं म्हन्तो. तसंही उन्हाळी धान लावता येते."

असा एका वाक्यात मॅनेजर गेला, दुसऱ्या वाक्यात अध्यक्ष रुसले, आणि कोच तर आधीच ढाब्यावर जेवत होते. अमेरिकेत माझ्या मुलीचा मुलगा शुभम राहतो. त्याचा फोन आला तेव्हा मी त्याला हे सगळं रडवेल्या आवाजात सांगितलं, तर तो हसायलाच लागला.

"आजी, इकडेही हेच चालतं. मोसम संपला की कोणाचा मॅनेजर हाकलतात, कोणाचा सगळ्यात वरचा साहेब बदलतात. हा तिकडे गेला, तो इकडे आला. लोक अख्खा हिवाळा तेच बोलत बसतात."

"सगळे लोक?"

"सगळे. टीव्हीवर, दुकानात, ऑफिसात."

मी फोन ठेवला. समुद्रापलीकडे एवढा मोठा देश, उंच इमारती, आणि तिथली माणसंही आमच्यासारखीच बाकावर बसून कोण राहणार, कोण जाणार हेच बोलतात! मला एकदम आभाळाएवढं वाटलं. तिथे मॅनेजर म्हणजे डाव सांगणारा असतो, आमच्याकडे डबे मोजणारा, हा फरक आहे म्हणा. पण रुसवा सगळीकडे सारखाच असणार.

आनंद फार टिकला नाही. माझा मुलगा, म्हणजे हर्षिताचा बाप, त्याच दिवशी जेवताना म्हणाला, "आई, यंदा गोंदियाले जिल्ह्याच्या टीमची निवड हाय. मुक्कामाले राहा लागते. सर सोबत असन तं पाठवीन. सर नाही, तं पोरगी घरी."

त्याच्यावर कोणी ओरडलं नाही, कारण तो वाईट बोलत नव्हता, भीत होता. हर्षिता उठली. ताट उचललं, परसात गेली आणि गोठ्याच्या भिंतीवर चेंडू मारायला लागली. धप्. धप्. प्रत्येक धपला माझ्या मांडणीवरची पितळेची भांडी थरथरायची. मी ठरवलं, सर गेले नाही पाहिजेत. बस.

सल्ले यायला उशीर लागला नाही. एकाने सांगितलं, ग्रामपंचायतीचा ठराव घ्या की कोच गावाबाहेर जाऊ नये. एकीने सांगितलं, सर अजून बिनलग्नाचे आहेत, गावातली मुलगी द्या, जावई कुठे पळतो? आमचे हे म्हणाले, "त्याच्या मोटरसायकलची हवा सोडून देऊ." मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि आधी कायद्याने जायचं म्हणून निर्मलाबाईंना घेऊन रेल्वेने गोंदियाला संघटनेच्या ऑफिसात गेले.

तिथले साहेब चांगले होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली. मग म्हणाले, "मुलींच्या संघासोबत महिला मॅनेजर लागते."

"इतकी वर्षं योगराज होता की," मी म्हणाले.

"इतकी वर्षं कोणी विचारायला आलं नव्हतं. आता तुम्ही विचारलंत, म्हणून सांगावं लागतं."

"मग मी होते मॅनेजर."

साहेबांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खाली माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि तिथेच थोडा वेळ पाहत राहिले. "आजी, संघासोबत धावपळ करावी लागते. जिने असतात."

आयुष्यभर मी शाळेत मुलांना शिकवलं. माझ्या गुडघ्यांची अशी जाहीर तपासणी कोणी केली नव्हती. मी निर्मलाबाईंचं नाव पुढे केलं. त्या ताडकन म्हणाल्या, "मले गाडी लागते जी." आणि परतीच्या प्रवासात त्यांनी ते सिद्धही करून दाखवलं. निघताना साहेब म्हणाले होते की नवी मॅनेजर शोधा, आणि अध्यक्ष, मॅनेजर, कोच तिघांनी मिळून एकदा येऊन जा. आमचे तिघे त्या वेळी एकमेकांच्या गल्लीतूनसुद्धा जात नव्हते.

कायदा असा संपल्यावर मला रीत आठवली.

आम्ही कोहळी. आमच्या पूर्वजांनी या भागात तलाव बांधले, आणि तलावाखालची शेती म्हणजे माणसं लागणारच. माझ्या सासूबाईंच्या काळी सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या गड्याचं, साल अक्षय तृतीयेला संपायचं. आदल्या दिवसापर्यंत गावभर हेच, कोण कोणाकडे राहणार, कोण कोणाला फोडणार. पण चांगल्या माणसाला "राहा" असं तोंडाने कोणी म्हणत नसे. म्हटलं की तो भाव खायचा आणि न म्हटलं की रुसायचा. म्हणून रीत होती. तृतीयेच्या सकाळी घरची मालकीण बियाण्याच्या धानाची टोपली भरून अंगणात ठेवायची. ज्याने ती डोक्यावर घेऊन बांधीपर्यंत नेली त्याचं साल त्या घराशी बांधलं. सही नाही, साक्ष नाही. एकदा आमच्याकडच्या एका सालदाराला चार मोठ्या घरांतून बोलावणं होतं. सासूबाई नुसत्या म्हणाल्या, "बापू, टोपली घे बरं, ऊन होऊन राहिलं." त्याने घेतली. शेवटपर्यंत आमच्याकडे राहिला. मी तेव्हा नवी नवरी होते. दाराआडून पाहिलं होतं. एवढ्या मोठ्या माणसाला एवढ्याशा टोपलीने बांधलं, हे मला जादूसारखं वाटलं होतं.

"पन सर गोंदियाचे," आमचे हे म्हणाले. "त्याले रीत माहीत नाही. ज्याले माहीत नाही त्याले ते लागन कशी?"

"विस्तव माहीत नसला तरी पोळतो ना?"

हे चपला घालून बाहेर निघून गेले. मी त्यालाच होकार समजले.

सरांना तृतीयेच्या सकाळी जेवायचं आमंत्रण दिलं. टोपली सारवून घेतली. बियाण्याचं धान निवडलं, उन्हात टाकलं. निर्मलाबाईंच्या शेळीने त्यातलं अर्धं खाल्लं. निर्मलाबाईंनी भरपाई म्हणून आपल्या घरचं धान आणून ओतलं, आणि मन मोठं असल्यामुळे इतकं ओतलं की टोपली दोघींनाही हलेना. कमी करू म्हटलं तर त्या म्हणाल्या, "बियाणं कमी करू नोको, अपशकुन व्हते." मग सरांचे खांदे रुंद आहेत, असा विचार करून मी टोपली तशीच राहू दिली.

योजना कोणाला सांगायची नाही असं ठरलं होतं. तरी तृतीयेच्या सकाळी आमच्या अंगणाभोवती निम्मं गाव काही ना काही कामाने उभं होतं. एकाला आमच्या दारासमोरच सायकलची चेन लावायची होती. चैनलालजी त्यांची बांधी बघायला म्हणून आले होते, पण उभे होते आमच्या दाराशी. योगराज कोपऱ्यावर पाठ करून उभा होता. माणूस रुसलेला आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून मुद्दाम समोर येतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

उन्हं वर आली तेव्हा एक जीप येऊन थांबली. सर मोटरसायकलने येतात, म्हणून आम्ही जीपकडे लक्ष दिलं नाही. मग तिच्यातून सर उतरले. त्यांच्या मानेला हा रुंद पांढरा पट्टा होता. मान अशी ताठ, जणू डोक्यावर भरलेली घागर आहे.

"दादी, नमस्ते. बेस चोरून दाखवताना उलटा पडलो. मान लचकली. डॉक्टर म्हणाला, डोक्यावर, खांद्यावर काहीही नाही उचलायचं."

डोक्यावर काहीही नाही! गावाने एकदम श्वास सोडला. सायकलवाल्याच्या हातून चेन पुन्हा निसटली.

आणि जीपच्या दुसऱ्या बाजूने, गाडी चालवायच्या जागेवरून, एक बाई उतरली. चाळिशीची, अंगाने भरीव, पदर खोचलेला, हातात जीपची किल्ली. निर्मलाबाईंनी माझा दंड इतक्या जोरात दाबला की नाव सांगायची गरज उरली नाही. सडक अर्जुनीच्या डिंपलबाई. सरांना स्वतः घेऊन आल्या होत्या. म्हणजे सगळं संपलंच होतं.

"येता येता म्हटलं, तुमालेही भेटून घेऊ काकू," त्या म्हणाल्या. "सरायनं मले शब्द देला हाय. चोरून नेल्यासारखं नोको. सांगून नेतो."

"हाँ दादी," सर खाली पाहत म्हणाले. खाली म्हणजे पट्टा जेवढं पाहू देईल तेवढं. "मी तुम्हाला आज तेच सांगणार होतो. जबान दिली आहे."

मी काय बोलणार? शब्द दिलेल्या माणसाला तोडून आणणाऱ्यांतल्या आम्ही नाही. हर्षिता दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत वळली. परसातून धप् असा आवाज आला. मांडणी हलली.

त्या आवाजाने मला काय झालं कोणास ठाऊक. अंगणात टोपली भरलेली, मुहूर्ताची वेळ चाललेली आणि सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत असलेलं. ऑफिसातल्या साहेबांनी गुडघ्यांकडे पाहिलं होतं तेही आठवलं. मी म्हणाले, "असू दे. बियाणं तर मुलींच्या बांधीत गेलंच पाहिजे. मीच नेते," आणि वाकून टोपलीला हात घातला.

टोपली उचलली गेली नाही. मीही पुन्हा सरळ झाले नाही. तशीच वाकलेली राहिले, ना वर, ना खाली. आमचे हे "अवो, अवो" करत धावले, योगराजने रुसवा सोडून तोंड वळवलं, पण त्या सगळ्यांच्या आधी डिंपलबाई पोचल्या.

"सोडा, सोडा काकू! ह्या वयात कायले उचलता? मी घेतो ना," म्हणत त्यांनी डोक्याला पदराची चुंबळ केली, एका झटक्यात टोपली डोक्यावर घेतली आणि विचारलं, "कुठं न्या लागते? तलावाखाली? चला."

आणि निघाल्या.

आम्ही सगळे त्यांच्या मागे. पुढे डिंपलबाई, मागे मी कंबरेवर हात ठेवून, माझ्यामागे मान ताठ केलेले सर, आणि त्यांच्यामागे अख्खं गाव कोणाच्या तरी वरातीला निघाल्यासारखं. धुरा अरुंद, एका पावलाएवढा. त्या बाई त्या धुऱ्यावरून अशा चालल्या की टोपलीतून एक दाणा खाली पडला नाही. मी पाहत राहिले. स्वतःची जीप चालवणारी, ट्रकवाल्यांना दरडावणारी बाई, आणि चाल मात्र माझ्या सासूबाईंची.

बांधीच्या तोंडाशी निर्मलाबाईंना धीर निघाला नाही. "बाप्पा!" त्या ओरडल्या. "साल बांधलं!"

डिंपलबाई थबकल्या. वळल्या नाहीत, कारण डोक्यावर टोपली होती. नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांच्या समोर तलावाचं पाणी, पायाखाली चैनलालजींची बांधी. मग त्यांनी हळूच विचारलं, "काकू, आज तीज होय ना?"

"हो बाई."

"अन् हे बियाण्याचं?"

"हो."

"माह्या मायच्या घरी बी अशीच रीत हाय," त्या म्हणाल्या. त्या पोवारांच्या घरातल्या, हे मला तेव्हा कळलं. "हे तुमी सरायसाठी भरली होती?"

मी खोटं बोलले नाही. "हो बाई. सरांसाठी भरली होती."

"तुमी मले थांबवलं काऊन नाही?"

"तू इतकी झटकन उचललीस. आणि खरं सांगू, मला बघतच राहावंसं वाटलं."

सर मधेच म्हणाले, "अरे मॅडम, ये सब पुरानी बातें हैं. रख दीजिए नीचे."

डिंपलबाईंनी सरांकडे पाहिलं नाही. "सर, तुमची जबान पक्की, तं माही टोपली कच्ची का?" त्या बांधीत उतरल्या. टोपली टेकवली, मुठीत धान घेतलं, पूर्वेकडे तोंड करून पेरलं. एक मूठ, मग दुसरी. गावातल्या बायांनी आपोआप पदर डोक्यावर ओढले. मीही ओढला. चैनलालजींनी डोक्यावरची टोपी काढली. आपल्याच बांधीत हे चाललं आहे आणि आपण ती बांधी परत मागणार होतो, हे त्यांना त्या क्षणी आठवलं असावं, कारण ते कोणाकडे न बघता मोठ्याने म्हणाले, "धान कापल्यावर बांधी पोरींचीच. लावणार नाही मी उन्हाळी-बिन्हाळी."

हात झटकून डिंपलबाई धुऱ्यावर आल्या. "सर सडक अर्जुनीलेच जातीन," त्या म्हणाल्या. "ते माह्या शब्दावर आले, त्यायनं शब्द मोडू नये. अन् मी सालभर इथली मॅनेजर. दर रविवारी दोन्ही टीमचा सामना ठेवू, म्हंजे तुमच्या पोरीयचं शिकनं सुटनार नाही. योगराजभाऊ, डबे-जीप तुमीच पाहा. खुंट्या तेवढ्या घरी ठेवा."

खुंट्यांची गोष्ट सडक अर्जुनीपर्यंत पोचली होती! योगराज लाजला, पण माणसात आला. माझा मुलगा पुढे झाला. "गोंदियाच्या मुक्कामाले तुमी सोता सोबत राहान?"

"पोरीयच्या खोलीत झोपीन. दाराशी."

तो हर्षिताकडे वळला. ती चेंडू हातात घेऊन कधी येऊन उभी राहिली होती, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. "जाय मंग," तो म्हणाला. तिने मान हलवली, पण हसली नाही. मुलगी हुशार आहे. तिला ठाऊक होतं की अजून एक घर विचारायचं बाकी आहे.

ते डिंपलबाईंनाही ठाऊक होतं. त्यांनी फोन काढून आपल्या सासूबाईंना लावला. ज्या बाईच्या आवाजाने हमरस्त्यावर ट्रक थांबतात तिचा आवाज त्या क्षणी नव्या सुनेसारखा झाला.

"मामीजी? मी बोलून राहिलो. सौंदडले हाव. तं असं झालं, का मी टोपली उचलली... हो, तिजेची... नाही, कोनी फसवलं नाही. म्हातारी बाई वाकली होती, म्हनून घेतली."

निम्मं गाव फोनकडे कान करून. मग सासूबाईंचा आवाज, इतका मोठा की आम्हालाही ऐकू आला.

"भरलेली होती का रिकामी?"

"भरलेली. काठोकाठ."

"बांधीपर्यंत नेली?"

"नेली. पेरलंही."

"मंग मले विचारते कायले? ढाबा मी पाहीन. सालभर राह्य तिथं."

फोन बंद झाला. मला त्या न पाहिलेल्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. आपली मॅनेजर, आपली सून, शत्रूच्या गावाला देऊन मोकळी झाली, आणि विचारलं काय, तर टोपली भरलेली होती का. गोंदियाच्या त्या ऑफिसात एवढा मोठा निर्णय एवढ्या थोड्या प्रश्नांत कधी झाला नसेल.

डिंपलबाईंनी फोन कमरेला खोचला, पदर आवळला आणि बांधीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. "पोरी, टाक बरं एक. पाहू दे तरी, मी कोनासाठी बांधली गेलो."

"हातमोजा घ्या, आंटी," हर्षिता म्हणाली.

"नाही लागत."

हर्षिताने सरांकडे पाहिलं. सरांना मान हलवता येत नव्हती. त्यांनी डोळे मिटून होकार दिला. तिने पाय उचलला, छातीपर्यंत, आणि फेकला. चेंडू मला दिसलाच नाही. आवाज तेवढा आला, आणि धुऱ्यावरचे बगळे एकदम उडाले.

डिंपलबाईंनी चेंडू सोडला नव्हता. तो हातातच धरून त्या दुसऱ्या हाताने मनगट दाबत राहिल्या, बराच वेळ. मग तळहातावर फुंकर घालत माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"काकू, तुमची टोपली तं हलकी होती!"